भूमीचा आवाज : नॉर्दर्न टेरिटरीतील चित्रपटांविषयी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर आणि मध्य भागात पसरलेला नॉर्दर्न टेरिटरी हा प्रदेश विस्ताराने महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे; लोकवस्ती मात्र अडीच लाखांच्या आसपास. उत्तर टोकाला डार्विन हे बंदर, दक्षिणेकडे वाळवंटाच्या कुशीत ॲलिस स्प्रिंग्स आणि ईशान्येला आर्नहेम लँडची पाणथळ अरण्ये. येथील रहिवाशांपैकी सुमारे तीन दशांश लोक आदिवासी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात हे प्रमाण इतके मोठे नाही. तांबडी माती, अफाट आकाश आणि पावसाळ्यात समुद्रासारखे पसरणारे पाणी यांनी चित्रपटकारांना नेहमीच भुरळ घातली. १९८६ च्या ‘क्रोकोडाइल डंडी’ने तर काकाडूचा निसर्ग जगभरच्या चित्रपटगृहांत पोहोचवला.

परंतु निसर्ग दाखवणे वेगळे आणि त्या भूमीवरील माणसांचे म्हणणे ऐकणे वेगळे. गेल्या सत्तर वर्षांत या प्रदेशाने दिलेले प्रमुख कथापट एकापुढे एक ठेवून पाहिले, तर त्यांतून आम्हांला एकच प्रश्न पुनःपुन्हा ऐकू येतो : येथे बोलतो कोण आणि त्याचे बोलणे समजते कोणाला? आमच्या मते या चित्रपटांचे यशापयश याच प्रश्नाच्या कसोटीवर ठरते.

आरंभ अर्थातच चार्ल्स शोव्हेल यांच्या ‘जेडा’ (१९५५) या चित्रपटापासून करावा लागतो. ऑस्ट्रेलियाचा हा पहिला रंगीत कथापट, आणि प्रमुख भूमिका आदिवासी कलावंतांना देणाराही पहिलाच. जन्मतःच आईला मुकलेल्या एका आदिवासी मुलीला गुरांच्या मळ्यावरील गोरी मालकीण आपल्या मृत बाळाच्या जागी वाढवते. मुलीवर तिची माया आहे, यात संशय नाही. परंतु त्या मायेची एक अट आहे : मुलीने आपल्या लोकांत मिसळता कामा नये. पुढे मार्बक नावाचा परका आदिवासी जेडाला पळवून नेतो आणि कथेचा शेवट कड्यावर होतो.

या चित्रपटाची निर्मितीकथाही बोलकी आहे. नायिका रोझली कुनॉथ ही ॲलिस स्प्रिंग्सच्या अँग्लिकन वसतिगृहात राहणारी शाळकरी मुलगी. पडद्यावर तिचे नाव बदलून ‘नगार्ला’ करण्यात आले. मेलव्हिल बेटावरचे तिवी कलावंत रॉबर्ट टुडावाली यांनी मार्बकची भूमिका इतक्या तेजाने वठवली, की चित्रपटाचा उपदेश विसरावा आणि ते डोळे लक्षात राहावेत. मात्र मिश्र वंशाच्या जो या पात्रासाठी गोऱ्या नटालाच रंग फासून उभे केले, आणि कथा सांगण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवले. आदिवासींना चेहरा मिळाला. स्वतःची कथा स्वतः सांगण्याचा अधिकार मिळाला नाही. रोझली पुढे सुमारे दहा वर्षे मेलबर्नमध्ये अँग्लिकन धर्मभगिनी म्हणून राहिल्या. नंतर आपल्या प्रदेशात परतून आपल्या लोकांची भूमी आणि भाषा यांसाठी त्या अखेरपर्यंत बोलत राहिल्या. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘जेडा’ने त्यांना जे बोलू दिले नाही, ते त्या पडद्याबाहेर आयुष्यभर बोलल्या.

दुसरा टप्पा निकोलस रोग यांच्या ‘वॉकअबाउट’चा (१९७१). बापाच्या आत्महत्येनंतर वाळवंटात निराधार झालेली एक शहरी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ यांना एक आदिवासी युवक भेटतो आणि जगवतो. हा युवक म्हणजे आर्नहेम लँडमधील डेव्हिड गुलपिलिल. पहिल्याच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव चुकीचे छापले गेले! चित्रपटातला युवक आपल्या भाषेत भरभरून बोलतो, पण त्या बोलण्याचे भाषांतर पडद्यावर कोठेही येत नाही. मुलगी पाण्यासाठी इंग्रजीतूनच हट्टाने विचारत राहते. अखेर लहानगा भाऊ घोट घेण्याची खूण करतो आणि पाणी मिळते. पुढे तो युवक नृत्याच्या द्वारे मुलीपुढे आपले मन उघडे करतो. तिला ते कळत नाही, आणि युवक प्राण देतो.

भाषांतर गाळण्यामागे दिग्दर्शकाचा हेतू स्पष्ट आहे : मुलीचे बहिरेपण प्रेक्षकालाही भोगावे लागावे. हेतू प्रामाणिक आहे आणि परिणाम विलक्षण आहे. तरीही आम्हांला एक शंका राहते. ज्यांची ती भाषा होती, त्यांच्यासाठी हे संवाद गूढ नव्हतेच. म्हणजे हा चित्रपट गृहीत धरतो, की समोर बसलेला प्रेक्षक त्यांच्यापैकी कोणी असणार नाही.

या गृहीताला उत्तर मिळण्यास पस्तीस वर्षे लागली. रॉल्फ डी हीर आणि पीटर जिगिर यांनी दिग्दर्शित केलेला ‘टेन कनूज’ (२००६) हा सर्व संवाद आदिवासी भाषांत असलेला पहिला ऑस्ट्रेलियन कथापट. मानववंशशास्त्रज्ञ डॉनल्ड थॉमसन यांनी १९३० च्या दशकात आर्नहेम लँडमध्ये काढलेले, दलदलीतून निघालेल्या नावाड्यांचे एक छायाचित्र गुलपिलिल यांनी डी हीर यांना दाखवले. दहा नावा हव्यात, हा आग्रह गुलपिलिल यांचाच. रामिंगिनिंगच्या लोकांनी त्या छायाचित्रांतील आपले पूर्वज ओळखले. कोणी कोणाची भूमिका करावी हे रक्ताच्या नात्याने ठरले. पडद्यावरचे पती-पत्नीदेखील त्यांच्या नातेनियमांत बसतील असेच निवडावे लागले. झाडाच्या सालीच्या नावा त्यांनी स्वतः बांधल्या.

निवेदक म्हणून गुलपिलिल यांचाच आवाज आहे. परीकथेच्या ठरीव थाटात ते आरंभ करतात, आणि लगेच स्वतःच खळखळून हसतात : ही तुमची गोष्ट नाही, माझी आहे! त्या एका हास्याने ‘जेडा’पासूनचा हिशेब चुकता होतो. हंसांची अंडी गोळा करायला निघालेला तरुण मोठ्या भावाच्या धाकट्या पत्नीवर मन ठेवून आहे. म्हणून थोरला भाऊ त्याला पूर्वजांची एक लांबलचक गोष्ट सांगतो. गोष्टीतल्या धाकट्याला अखेर हवी ती स्त्री मिळते, पण तिच्याबरोबर भावाच्या उरलेल्या दोन पत्नी आणि त्यांचा सारा संसारही त्याच्या गळ्यात पडतो. उपदेशाची ही पद्धत किती शहाणी! धाकट्याला कोणी दटावत नाही. गोष्ट संपेपर्यंत त्याने फक्त थांबायचे आहे. कान्स महोत्सवाने या चित्रपटास विशेष परीक्षक पुरस्कार दिला. एवढेच म्हणावेसे वाटते, की ज्या काळात हा चित्रपट रमतो तो काळ गोऱ्या माणसाच्या सावलीबाहेरचा आहे. आजच्या दुखण्याला तो हात घालत नाही.

ते दुखणे ‘चार्लीज कंट्री’ने (२०१३) समोर आणले. २००७ मध्ये केंद्र सरकारने बालकांच्या संरक्षणाचे कारण देऊन या प्रदेशातील आदिवासी वस्त्यांत थेट हस्तक्षेप केला. मद्यबंदी आली, सरकारी भत्त्याच्या खर्चावर नियंत्रण आले, लष्करही आले. त्या छायेतला हा म्हातारा चार्ली. शिकारीची बंदूक पोलीस काढून घेतात; मग तो भाला तयार करतो, तर तोही धोकादायक शस्त्र म्हणून जप्त होतो. रागाने तो रानात जातो, पावसात आजारी पडतो, डार्विनच्या रुग्णालयात पोहोचतो आणि तेथून दारू व तुरुंग. गुलपिलिल स्वतः डार्विनच्या तुरुंगात असताना डी हीर यांच्याशी झालेल्या भेटींतून ही कथा आकारास आली. लेखनाचे श्रेय दोघांचे आहे. तुरुंगात चार्लीची दाढी आणि केस उतरवले जातात, तेव्हा कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हलत नाही. एक शब्द नाही, तरी सारे कळते. या भूमिकेबद्दल गुलपिलिल यांना २०१४ मध्ये कान्स येथे ‘अं सर्तँ रगार’ विभागात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळाला. २०२१ मध्ये ते निवर्तले. ‘वॉकअबाउट’मधल्या ज्या युवकाचे बोलणे कोणाला समजले नव्हते, त्यानेच या प्रदेशाच्या चित्रपटाला बोलायला शिकवले, असे आम्ही निःशंकपणे म्हणू.

येथे वॉरिक थॉर्नटन यांच्याकडे वळले पाहिजे. ते ॲलिस स्प्रिंग्सचे, स्वतः आदिवासी. त्यांच्या ‘सॅमसन अँड डिलायला’ला (२००९) कान्स येथे पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द ओर’ पुरस्कार मिळाला. शास्ते या पुस्तकातील शमशोन आणि दलीला आपल्या वाचकांस परिचित आहेत. तेथे केस कापणे म्हणजे विश्वासघात. थॉर्नटन यांनी हा अर्थ उलटा केला आहे. आजीच्या मृत्यूनंतर डिलायला स्वतःचे केस कापते. डिलायला मेली असे समजून सॅमसन आपले कापतो. केस कापणे हा तेथील शोकाचा रिवाज आहे. या दलीलेच्या हातून घात होत नाही. पेट्रोल हुंगून अर्धमेल्या झालेल्या शमशोनाला तीच उचलते, न्हाऊ घालते, जगवते.

दोघे जवळजवळ बोलतच नाहीत. बोलून उपयोग काय, असे शहरच त्यांना शिकवते. आजीची चित्रे मातीमोलाने घेऊन दालनात हजारोंना विकली जातात. स्वतःचे चित्र हाती घेऊन डिलायला विकायला निघते, तेव्हा तिच्याकडे कोणी पाहत नाही. आणि एक प्रसंग असा, की तो आम्हांला अजून सोडीत नाही. मार खाऊन सुजलेल्या चेहऱ्याने ती चर्चमध्ये शिरते. धर्मगुरू तिच्याकडे पाहतो. काहीच बोलत नाही. ती निघून जाते. दिग्दर्शकाने तेथे दोषारोपाचे एक अक्षरही घातलेले नाही. तो धर्मगुरू दुष्ट नाही. त्याला काय करावे ते सुचत नाही, इतकेच. प्रवचनाने साधणार नाही ते ही काही क्षणांची शांतता साधते.

‘स्वीट कंट्री’मध्ये (२०१७) हाच विचार पुढे गेला आहे. काळ १९२९. फ्रेड स्मिथ हा भाविक मळेवाला देवापुढे सर्वांना समान मानतो, आदिवासी सॅम केलीस आपल्या मेजावर जेवू घालतो. शेजारी आलेल्या माजी सैनिकाला मदत म्हणून तो सॅम आणि त्याची पत्नी लिझी यांना कामावर पाठवतो. त्यांना विचारण्याची गरज त्याला भासत नाही. त्या सदिच्छेतूनच अनर्थ घडतो : लिझीवर अत्याचार होतो, आणि पुढे स्वसंरक्षणार्थ सॅमच्या हातून तो सैनिक मारला जातो. गावकरी पडद्यावर नेड केली या गोऱ्या बंडखोराचा मूकपट पाहून आनंदतात आणि त्याच रस्त्यावर सॅम केलीचा खटला चालतो. न्यायासनासमोर लिझी गप्प राहते. न्यायाधीश सॅमला निर्दोष सोडतो, पण वाटेत कोणाची तरी गोळी त्याला गाठते. कायदा ऐकतो, गाव ऐकत नाही.

स्टीफन जॉन्सन यांचा ‘हाय ग्राउंड’ (२०२०) आर्नहेम लँडमधील १९१९ च्या कत्तलीपासून सुरू होतो. वाचलेला गुटजुक मिशनमध्ये ‘टॉमी’ होऊन वाढतो. दृश्ये भव्य आहेत, योलंगू भाषेला सन्मानाचे स्थान आहे; तरीही कथेचा भार पुष्कळसा एका गोऱ्या माजी सैनिकाच्या पश्चात्तापावर पडतो, आणि गुटजुकचे मन आपल्यापासून थोडे दूरच राहते. उलट ‘टॉप एंड वेडिंग’ (२०१९) ही हलकीफुलकी विनोदी कथा बरेच काही सहज साधते. तिवी बेटे सोडून गेलेली आई मुलीच्या लग्नासाठी माहेरी परतते. जेथे १९११ मध्ये फादर फ्रान्सिस झेव्हियर गझेल यांनी कॅथलिक मिशन सुरू केले, त्याच बेटांवर हा विवाह होतो. येथे आदिवासी माणूस म्हणजे केवळ दुःख नव्हे, हे सांगायलाही कोणी हवे होते.

थॉर्नटन यांचा ‘द न्यू बॉय’ (२०२३) टेरिटरीत चित्रित झालेला नाही. पण दिग्दर्शक तेथला, आणि त्याच्या मनातला हा जुना प्रश्न येथे सर्वांत उघड झाला आहे. किशोरवयात ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील न्यू नॉर्सिया या बेनेडिक्टाइन मठनगरीतील निवासी शाळेत होते. चित्रपटातील अनाथाश्रमाची धर्मभगिनी आयलीन प्रेमळ आहे. नव्याने आलेल्या आदिवासी मुलाला क्रूसावरील ख्रिस्ताविषयी विलक्षण ओढ वाटते. त्याच्या जखमांना तो आपल्या परीने फुंकर घालू पाहतो. त्याच्या बोटांतून प्रकाश फुटतो, आजारी माणूस बरा होतो. बाप्तिस्म्यानंतर तो प्रकाश विझतो.

काही ख्रिस्ती प्रेक्षकांस हा शेवट संस्काराचा अवमान वाटेल. आमचे मत तसे नाही. मुलाने ख्रिस्ताला नाकारलेले नाही. किंबहुना त्या घरात ख्रिस्ताच्या वेदनेशी सर्वांत जवळीक त्याचीच आहे. चूक कोठे होते? त्याच्या भक्तीची भाषा कोणती, हे त्याला कोणी विचारीत नाही. जेडाची पालक आई, फ्रेड स्मिथ, भगिनी आयलीन या तिघांचीही अंतःकरणे निर्मळ आहेत. तिघांनीही ऐकण्याआधी दिले, आणि म्हणून त्यांच्या देण्याने घेणाऱ्याचे काही तरी हिरावले गेले.

या चित्रपटांचा आमच्या दृष्टीने हाच खरा ऐवज आहे. दूरदेशीच्या या कथा आपण करमणूक म्हणून पाहू शकतो. परंतु सेवेचे व्रत घेतलेल्या कोणाही व्यक्तीला, संस्थेला आणि धर्मसभेला त्या एक अवघड प्रश्न विचारतात : ज्याच्यासाठी तुम्ही झटता, त्याची गोष्ट त्याच्या तोंडून, त्याच्या भाषेत, शेवटपर्यंत कधी ऐकली आहे काय? ‘टेन कनूज’मधला थोरला भाऊ गोष्ट सांगताना धाकट्याला पुनःपुन्हा थांबायला शिकवतो. ऐकणाऱ्याने एवढे थांबायला शिकले, तर बरेचसे अनर्थ टळतील.