अर्जुन गप्प राहतो तेव्हा

आमच्या घरी श्रावणात ज्ञानेश्वरीचे वाचन असे. आधी वडील वाचत, त्यांच्यामागे थोरला भाऊ वाचू लागला, आणि आता ते काम माझ्याकडे आले आहे. भाऊ गेला ती रात्र मला विसरता येत नाही. जेवण झाल्यावर छातीत जळजळते म्हणाला. ‘डॉक्टरांना बोलावू का?’ असे मी विचारले. ‘राहू दे, आता बरं वाटतंय,’ तो म्हणाला. ‘मग सकाळी बघू,’ असे म्हणून मी दिवा मालवला. सकाळ त्याने पाहिली नाही.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच सांगितले : त्याची वेळ भरली होती, देवाच्या मनात होते, तुम्ही तरी काय करणार? ते सांत्वन मी घेतले. खोटे कशाला बोलू, मला ते हवेच होते. पण पुढच्या श्रावणात अठरावा अध्याय वाचायला बसलो आणि अडखळलो. देव सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान असेल, तर ‘सकाळी बघू’ हे शब्द माझे की त्याचे? त्याचे असतील तर माझ्या पश्चात्तापाला अर्थ नाही. माझे असतील तर देवाच्या सत्तेला कुठेतरी खिंडार आहे. हा पेच नवा नाही. पण आपल्या ग्रंथांनी तो कसा हाताळला, हे मी तेव्हा प्रथमच गरजेपोटी पाहिले.

नुसत्या सर्वज्ञतेचे उत्तर सोपे आहे. पंचांगात ग्रहण लिहिलेले असते म्हणून काही ग्रहण लागत नाही. जाणणे म्हणजे घडवणे नव्हे. पण गीतेतला देव केवळ पंचांगकर्ता नाही. अकराव्या अध्यायात तो अर्जुनाला सांगतो, की समोरचे योद्धे मी आधीच मारलेले आहेत, तू निमित्त हो. अठराव्यात तर युद्ध न करण्याचा तुझा निश्चयही टिकणार नाही, तुझा स्वभावच तुला ओढून नेईल, असे बजावतो. सर्वांच्या हृदयात बसून तोच प्राण्यांना यंत्रावर चढवल्यासारखे फिरवतो आहे. आणि हे सांगून झाल्यावर अवघ्या दोन श्लोकांनी, त्रेसष्टाव्यात, तोच म्हणतो : याचा नीट विचार कर आणि मग तुला हवे ते कर. ज्याच्या हातातले सगळे काढून घेतले, त्यालाच निवड करायला सांगायचे, हे काय आहे?

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात पावसाचा दृष्टान्त दिला आहे. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. कुठे भात उगवतो, कुठे जव, तो भेद बीजाचा. देवावर पक्षपाताचा ठपका येऊ नये यासाठी हा दृष्टान्त उत्तम आहे. पण त्याने देव सुटतो, बीज सुटत नाही. ज्ञानेश्वरांनी याच अठराव्या अध्यायात साळीच्या दाण्याची गोष्ट काढली आहे : मी साळ म्हणून उगवणार नाही, असे दाण्याने म्हणून कसे चालेल? म्हणजे प्रश्न पावसाकडून दाण्याकडे सरकला इतकेच.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’चे दहावे प्रकरणच ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ या विषयाला दिले आहे. ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी टिळकांनी होमरूल लीगची स्थापना आमच्या बेळगावात केली. दैवावर हवाला टाकून बसलेल्या समाजाला प्रयत्नाचे शास्त्र हवे होते, ते त्यांनी दिले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : देह, इंद्रिये, मन ही प्रकृतीची, म्हणून कर्माने बांधलेली, आत्मा मात्र परब्रह्माचा अंश, म्हणून स्वतंत्र. त्या आत्म्याची मोक्षाकडे जाण्याची प्रेरणा कोणतेही कर्म अडवू शकत नाही. विवेचन भक्कम आहे आणि त्याचे ऋण मी मानतो. पण माझी अडचण त्याने सुटली नाही. टिळकांनी ज्याला स्वतंत्र ठरवले तो शुद्ध आत्मा त्या रात्री भावाच्या खोलीत बोललाच नाही. तिथे बोललो तो मी, दिवसभराचा थकलेला आणि झोप आलेला.

मग पुन्हा ज्ञानेश्वरीकडे वळलो. ज्ञानेश्वर ईश्वराच्या सत्तेत काडीचीही सूट देत नाहीत. मूळ यंत्राच्या दृष्टान्ताला जोडून ते बाहुल्यांच्या खेळाचे चित्र उभे करतात : मायेचा पडदा लावून आत एकटाच सूत्रधार, आणि बाहेर नाचणाऱ्या चौऱ्यांशी लक्ष सावल्या. आमच्या घाटाखाली पिंगुळीला ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण त्रेसष्टाव्या श्लोकानंतर ज्ञानेश्वर जे करतात ते मला फार मोलाचे वाटते. मूळ गीतेत या जागी अर्जुनाविषयी एक अक्षर नाही, कृष्णाचे बोलणे अखंड चालू आहे. ज्ञानेश्वर तिथे अर्जुनाला गप्प बसवतात. हवे ते कर, असे देव म्हणाला, आणि अर्जुन काहीच बोलेना. मग देव त्याला म्हणतो, की वाढणारा समोर उभा असताना भुकेल्याने भिडेपोटी ‘पोट भरले’ म्हटले, तर उपाशी तोच राहतो. तसेच सर्वज्ञ गुरू भेटूनही जो भिडेने विचारत नाही, तो स्वतःलाच फसवतो. तुझ्या गप्प राहण्यातून मला एवढेच कळते, की तुला पुन्हा एकदा ऐकायचे आहे. आणि तो पुन्हा सांगू लागतो.

येथे सर्वज्ञतेचा अर्थच पालटतो. देव मनातले ओळखतो, पण अर्जुनाचा होकार अर्जुनाच्या वतीने स्वतः देऊन टाकत नाही. तुझे वचन मी पाळीन, हे अर्जुन स्वतः बोलतो ते त्र्याहत्तराव्या श्लोकात. तोवर सर्वशक्तिमान वाट पाहतो. उत्तर आधीच ठाऊक असताना वाट पाहणे हे नाटक नव्हे काय, असे कोणी म्हणेल. पण पिंगुळीचा सूत्रधार खेळ थांबवून बाहुलीला विचारत नाही. विचारले, की ती बाहुली राहत नाही. पडद्यामागचा सूत्रधार आणि ताट वाढणारा यजमान, ही दोन चित्रे एकमेकांत बसत नाहीत हे मान्य. ज्ञानेश्वर ती बसवण्याचा प्रयत्नही करत नाहीत. तत्त्वज्ञाला ही उणीव वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण माणसाच्या आयुष्यातही ती दोन्ही जवळजवळ असतात.

उद्यावर ढकलणे हा माझा जन्माचा स्वभाव आहे. साळीच्या दाण्यासारखा मी त्याच जातीचा उगवलो, हे खरे. पण दिवा मालवण्यापूर्वी मी क्षणभर थांबलो होतो, आणि भाऊ माझ्याकडे पाहत होता, हेही खरे. ‘आता बरं वाटतंय’ असे तो भिडेपोटी म्हणाला. कृष्णाने अर्जुनाच्या मौनाला उत्तर मानले नाही, त्याने पुन्हा वाढले. मी पुन्हा विचारले नाही.

देवाच्या मनात होते, असे आता कोणी म्हटले तर मी वाद घालत नाही. असेलही. पण ‘सकाळी बघू’ हे शब्द मी देवाच्या नावावर चढवत नाही. ते माझे आहेत आणि माझ्याकडेच राहू देत. श्रावणात त्या ओव्यांपाशी आलो, की मी थोडा थांबतो, आणि मग पुढे वाचतो.