समीकरण हातात, पण ओळख कुणाच्या भरवशावर? : श्रीराम अभ्यंकरांचं गटसिद्धांतातलं काम

एरंडवण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ते १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी सुरू केलं. १९३० चा जन्म, हार्वर्डला झरिस्कींकडे पीएच.डी., मग पर्ड्यू विद्यापीठ, बैजिक भूमितीत जगभर नाव. अभ्यंकरांवर आपण बोलतो ते बहुधा गौरवाच्या सुरात. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. ‘अमुक आहे’ असं म्हणायला काय लागतं, हा आमचा जुना प्रश्न, आणि त्यांच्या गटसिद्धांतातल्या कामात तो फार स्वच्छ दिसतो. म्हणून आज थोडी चिकित्सा करू.

अभ्यंकरांची भूमिका प्रसिद्ध आहे. १९७६ च्या एका लेखात त्यांनी बीजगणिताचे तीन थर सांगितले: हायस्कूलचं, कॉलेजचं आणि विद्यापीठाचं. त्यांचा कौल पहिल्याला. बहुपदी घ्या, हातानं आकडेमोड करा. अमूर्त यंत्रणेच्या मागे लागू नका.

आता एक उदाहरण. असं एक जग घ्या जिथे एक अधिक एक म्हणजे शून्य. तिथे हे समीकरण मांडा: य चा २४वा घात, अधिक य, अधिक क्ष, बरोबर शून्य. याचा य च्या अंगानं डेरिव्हेटिव्ह काढला तर पहिल्या पदाला २४ चा गुणक लागतो, आणि २४ ही सम संख्या, म्हणजे इथे शून्य. उरतं फक्त १. ते कधीच शून्य होत नाही, म्हणून क्ष ला कुठलीही किंमत द्या, २४ मुळं वेगवेगळीच राहतात. आपल्या नेहमीच्या संमिश्र संख्यांत, ज्याचे अवयव पडत नाहीत अशा समीकरणात, कुठे ना कुठे दोन मुळं एकमेकांवर येऊन बसतातच. इथे नाही. हायस्कूलचं बीजगणित म्हणतात ते हे, बरं का!

अशा समीकरणाच्या मुळांची, त्यांच्यातली नाती न मोडता, जी अदलाबदल करता येते तिचा गट बनतो. १९५७ मध्ये अभ्यंकरांनी विचारलं, या जगात कोणकोणते गट मिळतील? त्यांचा अंदाज असा: ज्या अदलाबदली दोनदा, चारदा, आठदा केल्या की सगळं मूळ जागी येतं, निव्वळ अशांमधून जो उभा राहतो, तो प्रत्येक गट मिळेल, आणि दुसरा कुठलाही मिळणार नाही. दोनच्या जागी कुठलीही मूळसंख्या घ्या, नियम तोच. १९९४ मध्ये रेनो यांनी हे सिद्ध केलं, हार्बेटर यांनी त्याचा विस्तार सिद्ध केला, आणि १९९५ चं कोल पारितोषिक दोघांना मिळालं.

पण त्या सिद्धतेतून कळतं ते एवढंच की समीकरण असतं. अभ्यंकरांना ते लिहून हवं होतं. ‘नाइस इक्वेशन्स फॉर नाइस ग्रुप्स’ असा लेख, मग ‘अगेन’, ‘मोअर’, ‘फर्दर’ अशी त्याची मालिकाच त्यांनी लिहिली. वयाच्या साठीत, बरं का.

आता ताण कुठे आहे ते पाहा. वरच्या समीकरणाची २४ मुळं मनमानी हलवली तर ६ वर २३ शून्यं याहून जास्त प्रकार होतात. खरा गट फक्त २४,४८,२३,०४० अदलाबदलींचा, मॅथ्यू यांचा एम-२४. पण तो तोच आहे हे ओळखायचं कसं? १९९२ च्या आपल्या मोठ्या लेखात अभ्यंकर अशा ओळखीसाठी सांत साध्या गटांच्या वर्गीकरणाचा आधार घेतात. म्हणजे शेकडो लेखांत, हजारो पानांत पसरलेली, एका माणसाला आयुष्यात पडताळता येणार नाही अशी सिद्धता. शिवाय तिच्यातलं एक मोठं भगदाड ॲशबाकर आणि स्मिथ यांनी २००४ मध्ये, हजारावर पानं लिहून, बुजवलं. म्हणजे १९९२ मध्ये पाया पुरता भरलेलाही नव्हता!

काही प्रकरणांत त्यांनी हा आधार टाळूनही सिद्धता दिल्या, हे नोंदवायला हवं. म्हणजे अडचण त्यांना दिसत होती. तरी माझा आक्षेप राहतो. ‘हातानं करा’ हा उपदेश फक्त समीकरण मांडण्यापुरता खरा आहे. ते ओळखायला दुसऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. हातात असणं वेगळं आणि काय हातात आहे हे कळणं वेगळं. अभ्यंकरांच्या प्रचारात हा फरक पुसला जातो.

त्यांच्या कामात मात्र तो पुसला जात नाही. १९९२ च्या त्या लेखाची अर्पणपत्रिका वॉल्टर फाइट, सेर आणि ई-मेल यांना आहे! गटसिद्धांतातले जाणकार, सेर यांच्यासारखा वाचक आणि त्यांच्याशी रोजचा पत्रव्यवहार, यांचं ऋण त्यांनी पहिल्याच पानावर मान्य केलं. म्हणून माझं मत असं: अभ्यंकरांची घोषणा त्यांच्या गणितापेक्षा अरुंद होती. आपल्या मुलांना आपण घोषणा शिकवतो. ती अर्पणपत्रिकाही शिकवावी.