व्हॅन गॉगचीं पुष्पचित्रें आणि रंगांचा मूळ पाठ

चित्राचा रसास्वाद घेणें हें रसिकाचें काम आणि चित्राचा इतिहास ठरविणें हें संशोधकाचें, अशी वांटणी सामान्यतः केली जाते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–१८९०) या डच चित्रकाराच्या वस्तुचित्रांपुरती तरी ही वांटणी टिकत नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वस्तुचित्र म्हणजे फळें, फुलें, भांडीं, पुस्तकें अशा निश्चल पदार्थांचें चित्र. त्यांत कथा नाहीं, नायक नाहीं, अभिनय नाहीं. भाव प्रकट करावयाचा तर आकार आणि रंग एवढींच साधनें हातीं राहतात. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत रेखेची वाखाणणी आचार्यांकडे सोपविली असून वर्णसमृद्धीचें कौतुक सामान्य जनांच्या वाट्यास दिलें आहे. व्हॅन गॉगनें हा क्रमच फिरविला. १८८५ सालीं न्यूनेन येथें त्यानें काढलेल्या बटाट्यांच्या टोपल्या मातकट छायेंत बुडालेल्या आहेत. १८८६ सालीं पॅरिसला आल्यावर फुलांचीं अनेक चित्रें काढून त्यानें परस्परविरोधी रंगांचा अभ्यास केला. पुढें १८८८ च्या ऑगस्टांत, गोगँ हा चित्रकार मित्र आर्ल येथें राहावयास येणार म्हणून त्याच्या खोलीच्या शोभेसाठीं सूर्यफुलें रंगविलीं. लंडनच्या नॅशनल गॅलरींतील चित्रांत पिंवळ्या भिंतीपुढें, पिंवळ्या मेजावर, पिंवळ्या भांड्यांत पिंवळींच फुलें आहेत. एकाच रंगाच्या छटांनीं फुलांचें उमलणें व सुकणें दाखविण्याचें हें धाडस त्याच्या काळीं थोड्यांनींच केलें असेल.

या रंगांचें मूळ चित्रकाराच्या उन्मादांत शोधण्याची एक प्रथा पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. अस्सल पत्रें समोर असतां बखरीवर विसंबणें जसें, तसेंच हें आहे. भाऊ थिओ यास व्हॅन गॉगनें लिहिलेलीं पत्रें थिओच्या पत्नीनें १९१४ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांत कोणत्या फुलामागें कोणता रंग घालावा, त्यानें काय परिणाम साधेल, याचा हिशेब जागोजाग आढळतो. उन्मादी मनुष्य असा हिशेब ठेवीत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. १८९० च्या मे महिन्यांत, सां-रेमी येथील रुग्णालय सोडण्यापूर्वीं, त्यानें आयरिस फुलांचीं दोन व गुलाबांचीं दोन अशीं चार मोठीं चित्रें केलीं. आयरिसच्या दोन चित्रांविषयीं त्याचें पत्र स्पष्ट आहे. एकांत जांभळीं फुलें लिंबासारख्या पिंवळ्या पार्श्वभूमीवर आहेत; तेथें विरोधी रंगांनीं एकमेकांचें तेज वाढवावें, असा हेतु. दुसऱ्यांत तींच फुलें गुलाबी पार्श्वभूमीवर. तेथें हिरवा, गुलाबी व जांभळा यांचा सौम्य मेळ हवा. फूल एकच, पण पार्श्वभूमि बदलून एकदां विरोध आणि एकदां संवाद दाखविण्याचा हा विचारपूर्वक केलेला प्रयोग होता.

हीं चित्रें आज कशीं दिसतात? ॲम्स्टरडॅम येथील चित्रांत फुलें निळीं दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील चित्राची पार्श्वभूमि जवळजवळ पांढरी आहे. पत्रांतील गुलाबी गुलाबही पांढुरके झाले आहेत. कारण उघड आहे. चित्रकारानें वापरलेला जिरेनियम लेक नांवाचा तांबडा रंग प्रकाशानें उडून जातो. जांभळ्यांतला तांबडा गेला, निळा उरला. गुलाबींतला गेला, पांढरा उरला. म्हणजे जेथें सौम्य मेळ हवा होता तेथें आज पांढऱ्यावर निळा असा विरोध उभा आहे. या शुभ्रतेंत चित्रकाराची शांति अगर विरक्ति पाहणारा टीकाकार लेखकप्रमादावर भाष्य करणाऱ्या टीकाकाराच्याच पंक्तींत बसतो.

सूर्यफुलांचा पिंवळाही पूर्ण सुरक्षित नाहीं. क्रोम-पिंवळा प्रकाशांत काळवंडतो, हें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण-परीक्षणांनीं सिद्ध झालें आहे. तथापि तेथें चित्राचा आधार दोन रंगांच्या जोडीवर नसून एकाच रंगाच्या चढउतारावर व रंगाच्या जाड थरांवर आहे. म्हणून हानि होऊनही अर्थ बराचसा शाबूत राहतो. आयरिसच्या चित्रांत जोडीतला एक रंग गेला कीं अर्थच पालटतो. आमच्या मतें केवळ वर्णावर विसंबणाऱ्या कलेचा हा खरा दुबळेपणा आहे, आणि आचार्यांच्या रेखापक्षपातांत यापुरतें तथ्य आहे.

चित्रकार याविषयीं अजाण होता असें मात्र नव्हे. एप्रिल १८८८ च्या पत्रांत त्यानें लिहिलें आहे कीं, नव्या चित्रकारांचे आवडते रंग अस्थिर आहेत. म्हणूनच ते धीटपणें, अधिक कच्चे व भडक वापरावेत, काळ त्यांना हवे त्याहून मऊ करीलच. त्याच्या भडकपणांत भावी क्षयाची वजावट अंशतः आधींच धरलेली होती, हें यावरून सिद्ध होतें.

कोणी म्हणेल, समोर आहे त्या चित्राचा आनंद घ्यावा, पत्रें कशाला? आनंदाला आमची हरकत नाहीं. पांढऱ्यावरील निळीं फुलेंही सुंदरच आहेत. परंतु त्या सौंदर्याचें कर्तृत्व चित्रकारास देतांना पुरावा पाहिला पाहिजे. मूळ चित्रावर नवा रंग चढविणें हा उपाय नव्हे; जीर्ण पोथींत आपले शब्द घुसडण्यासारखा तो अपराध होय. सुधारलेला पाठ टीपेंत द्यावयाचा असतो. न्यूयॉर्क येथें २०१५ सालीं चारही चित्रें एकत्र मांडलीं, तेव्हां मूळ रंगांच्या अनुमानासाठीं संगणकाचें साहाय्य घेण्यांत आलें व मूळ कृतींस हात लावला गेला नाहीं. हीच रीत योग्य. पत्र, रंगद्रव्य आणि पट या तिहींचा मेळ घातल्यावांचून या चित्रकाराच्या वर्णयोजनेवर मत देऊं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.