शेवटाकडून वाचलेली गाणी : निक ड्रेकचे स्मरण

निक ड्रेक या इंग्रज गीतकार-गायकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट'. सिगारेट वळण्याच्या कागदांची पुडी संपत आली, की पाचच पाने उरल्याची सूचना देणारा कागद तीत लागत असे. नाव तेथून उचललेले. ध्वनिमुद्रिका १९६९ मध्ये निघाली. ड्रेक २५ नोव्हेंबर १९७४ रोजी गेला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. ही दोन साले शेजारी ठेवली, की वजाबाकी पाच येते आणि एका धूम्रपानी तरुणाचा विनोद भविष्यवाणी होऊन बसतो. ड्रेकच्या चाहत्यांना ही वजाबाकी फार मोहविते. ती निरागस नाही. मृत्यू हे संहितेचे अखेरचे वाक्य आहे आणि आधीची सर्व वाक्ये त्याच्याच दिशेने चालली होती, असे मानणारी एक वाचनपद्धती तिच्यामागे उभी आहे. बालकवींच्या उदास कवितांकडे भादलीच्या रेल्वेरुळांवरून मागे वळून पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला तिची निराळी ओळख करून देण्याची गरज नाही.

रोलाँ बार्त याने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती संहिता मोकळी व्हावी म्हणून. येथे उलटेच घडले आहे. लेखक खरोखरच मेला, आणि त्या मरणाने संहितेचा ताबा घेतला.

याच पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील 'फ्रूट ट्री' या गाण्याचा विषय, कलावंताची कीर्ती त्याच्या मरणानंतरच फळते, हा आहे. पूर्वसूचनेचा याहून सबळ पुरावा कोणता, असे विचारले जाते. परंतु हे गाणे रचणारा तरुण त्या सुमारास केंब्रिजच्या फिट्झविल्यम महाविद्यालयात इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी होता. चॅटर्टन आणि कीट्स यांच्यापासून चालत आलेला, अकाली मावळणाऱ्या उपेक्षित कवीचा संकेत त्याला अभ्यासक्रमातच भेटला असणार. संकेत वापरणे आणि स्वतःचे भाकीत करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांतील भेद पुढे पुसला गेला, त्यास व्यवहारही कारणीभूत आहे. हयातीत त्याच्या तिन्ही ध्वनिमुद्रिका फारशा खपल्या नाहीत. १९७९ मध्ये त्या एकत्र करून निघालेल्या संचाला 'फ्रूट ट्री' हेच नाव देण्यात आले. १९९९ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत 'पिंक मून' वाजले आणि अमेरिकेत त्याची मागणी एकाएकी वाढली. संकेत खरा ठरला खरा, पण तो खरा ठरविणारे हात दुसऱ्यांचे होते.

या वाचनपद्धतीला सर्वांत मोठा शह मिळाला तो कवीच्या घरातूनच. त्याची आई मॉली ड्रेक हीही गाणी रचीत असे. १९५० च्या दशकात घरच्या घरी फितीवर मुद्रित झालेली तिची गाणी २०१३ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाली. पियानोच्या साथीने म्हटलेली ही गाणी ऐकताना प्रस्तुत लेखक चकित झाला. निसटत्या सुखाविषयीची तीच संयत हुरहूर, ओळ पुरी होण्याआधीच सूर अनपेक्षित ठिकाणी वळविण्याची तीच रीत. मॉली १९९३ पर्यंत, म्हणजे मुलाच्या पश्चात जवळजवळ दोन दशके, जगली. तिच्या गाण्यांतील विषाद कोणी व्याधीचे लक्षण मानीत नाही. मग मुलाच्या गाण्यांतील तोच विषाद लक्षण का ठरावा? तो घरात शिकलेल्या भाषेचा वाक्प्रचारही असू शकतो.

याचा अर्थ त्याचे दुःख खोटे होते असा नव्हे. अखेरच्या वर्षांतील त्याचा मनोविकार ही नोंदलेली वस्तुस्थिती आहे आणि 'पिंक मून'चे (१९७२) उघडेबोडके गिटारवादन ऐकताना ती पूर्णपणे विसरता येते, असे म्हणणे दांभिकपणाचे होईल. आक्षेप आहे तो दुःखाच्या नावाखाली कारागिरी ऐकू न येण्याला. 'रिव्हर मॅन' पाच मात्रांच्या आवर्तनात चालते. गिटार ते आवर्तन अविचल राखते, आणि गळा मात्र त्याच्या आरंभाशी ओळीचा आरंभ जुळवून घेण्याची घाई करीत नाही. येथील अस्वस्थता शब्दांइतकीच या अंतरातून जन्मते. तारा लावण्याची त्याची पद्धतही अशीच पाहण्याजोगी. 'पिंक मून'साठी सर्वांत जाड तार बरीच खाली उतरविलेली आहे, तर तिच्या विरुद्ध टोकाकडून दुसरी अर्ध्या सुराने चढविलेली. त्यामुळे एरवी बोटांना न गवसणारे स्वरसमूह मोकळ्या तारांतूनच निनादू लागतात. रंगमंचावर दोन गाण्यांच्या मध्ये तारा पुन्हा लावण्यात त्याचा इतका वेळ जाई, की श्रोते आपसांत बोलू लागत. ती शांतता चरित्रकारांना बुजरेपणाची वाटते. ती कामाचीही होती. या जुळवण्या गिटारवादकांनी पुढे निव्वळ कानाने शोधून काढल्या. प्रस्तुत लेखकाला स्मरणाचा हा प्रकार चरित्रांहून अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात मृताच्या मनात शिरण्याचा दावा नाही. त्याची बोटे कोठे पडत, एवढाच शोध आहे.

'शेवटचे गाणे' या कल्पनेचे काय झाले तेही पाहावे. १९७४ मध्ये मुद्रित झालेले 'ब्लॅक आइड डॉग' हे गाणे दीर्घकाळ त्याचा अखेरचा हुंकार म्हणून ऐकले गेले. दारात आलेले काळ्या डोळ्यांचे कुत्रे, ताणलेला आवाज, आणि मग मृत्यू, असा क्रम कथनाला सोयीचा होता. २००४ मध्ये त्याच वर्षीच्या मुद्रणाच्या फितीवर 'टो द लाइन' हे आणखी एक गाणे मिळाले आणि प्रसिद्ध झाले. त्याला कथनात जागाच नव्हती. ज्यांनी शेवटावरून सर्व अर्थ लावला होता, त्यांचा शेवटच बदलला.

टॅनवर्थ-इन-आर्डन येथील चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिच्या शिळेच्या मागील बाजूस कोरलेली ओळ 'पिंक मून'मधील अखेरच्या गाण्यातली आहे. 'फ्रूट ट्री' किंवा काळ्या डोळ्यांचे कुत्रे यांपैकी काहीही तेथे नाही. त्या अखेरच्या गाण्याचे नाव 'फ्रॉम द मॉर्निंग' असे आहे.