गोधडीचा घसारा

उपमा म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक बशीतली, दुसरी व्याकरणाच्या पेपरातली. पहिली पचते. दुसरीचे उपमेय ओळखा, उपमान ओळखा, साधर्म्यदर्शक शब्द लिहा, दोन गुण घ्या आणि विसरून जा, असा आपला रिवाज. उपमा म्हणजे वाक्याच्या गळ्यात घातलेला दागिना, असेच आपण शिकलो. शास्त्राचे नावच मुळी अलंकार! पण काही कथांत उपमा हा दागिना नसतो, घरचा हिशेब असतो. आणि हिशेब म्हटला की आम्ही कॉमर्सवाले कान टवकारतो.

ॲलिस वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची ‘एव्हरीडे यूज’ ही १९७३ सालची कथा घ्या. एव्हरीडे यूज म्हणजे रोजचा वापर. दक्षिणेतल्या खेड्यात आई आणि धाकटी लेक मॅगी राहतात. थोरली डी कॉलेजात शिकून, नवे आफ्रिकी नाव धारण करून, सोबत एक गृहस्थ घेऊन भेटायला येते. पोटभर जेवते आणि मग घरातल्या वस्तू मागत सुटते. ताक घुसळायच्या भांड्याचे झाकण झाले, रवीचा दांडा झाला, शेवटी आजीच्या दोन गोधड्यांवर येऊन गाडी अडते. आपल्याकडेही जमिनीच्या वाटण्या सुरळीत होतात आणि एका पितळी हंड्यावरून भाऊ भावाचे तोंड बघत नाही, त्यातलाच प्रकार. गोधड्या मॅगीला लग्नात द्यायच्या म्हणून आईने शब्द दिलेला. डीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत.

कथा सांगते आई. बाईचे शिक्षण दुसरीपर्यंत. १९२७ साली शाळाच बंद झाली. त्यामुळे तिच्या उपमा पुस्तकातून येत नाहीत, गोठ्यातून येतात. पाहुण्याच्या केसांना ती खेचराची शेपटी म्हणते, डीच्या ताठ उभ्या केसांना मेंढीची लोकर आणि तिच्या वेण्यांना सरडे. या बाईला १९४९ साली गाईने कुशीत शिंग मारले होते. तेव्हा जनावरांच्या बाबतीत तिला अनुभव नाही असे कोणी म्हणू नये.

पण खरी मेख मॅगीच्या उपमेत आहे. घराला आग लागली तेव्हा ही पोर भाजली. तेव्हापासून मान खाली आणि पाय फरफटत. तिची चाल सांगताना आईला आठवते ते गाडीखाली सापडून लंगडे झालेले कुत्रे. आता सख्ख्या आईने पोटच्या पोरीला असे म्हणावे का? आपण लगेच ‘काय ही बाई!’ म्हणून मोकळे होतो. जरा थांबा. त्या उपमेत कुत्र्याबरोबर गाडीचा मालकही आहे, आणि तो पैसेवाला व बेफिकीर आहे. पुढे डी येते ती कशातून? गाडीतून. आईने कोणावर आरोप केलेला नाही, फक्त उपमा दिली आहे. नोंद मात्र बरोबर खात्यावर पडली.

आता मॅगीचे खाते शेवटपर्यंत तपासा. कथेच्या सुरुवातीला ती जखमी जनावरासारखी. भांडण पेटल्यावर ती म्हणते, गोधड्या तिलाच देऊन टाक, मला आजी त्यांच्यावाचूनही आठवते. तेव्हा आईला ती कधीच काही वाट्याला न आलेल्या माणसासारखी दिसते. माणसासारखी! उपमेतल्या उपमेत पोरीला बढती मिळाली. आणि शेवटी डी काळा चष्मा लावून निघते तेव्हा मॅगी हसते. आई एवढेच सांगते की हसू खरे होते, भ्यालेले नव्हते. ‘सारखे’ नाही, ‘जणू’ नाही. मॅगी आता मॅगीच आहे. खात्यावर बाकी काही नाही.

मधल्या मध्ये आईचा निर्णय होतो. डोक्यात काहीतरी शिरून तळपायापर्यंत उतरते. ती म्हणते, चर्चमध्ये देवाचा संचार होतो तसे. या उपमेत जनावर नाही. गोठा सोडून बाई इथे एकदाच देवळात गेली, आणि थोरलीच्या हातातल्या गोधड्या ओढून तिने धाकटीच्या मांडीवर टाकल्या.

डीवर अन्यायही करू नये. ज्यांनी आपल्याला छळले त्यांनी दिलेले नाव मी का लावू, हा तिचा प्रश्न त्या काळातल्या अमेरिकेत पोरकट नव्हता. गोधड्या पाच वर्षांत फाटतील ही तिची भीतीही खरी. शिवाय कथेत पंच आईच आणि स्कोअर लिहिणारीही आईच. मग डीचे चुकते कुठे? त्या गोधडीत आजीचे झगे आहेत, आजोबांचे शर्ट आहेत आणि पणजोबांच्या यादवी युद्धातल्या गणवेशाचा काडेपेटीएवढा निळा तुकडा आहे. डीने ही मालमत्ता स्थावर धरली आणि घसारा लावायला नकार दिला. आई घसारा मंजूर करते. कारण साधे आहे. मॅगीला गोधडी शिवता येते. फाटली तर ती दुसरी शिवील. भिंतीवरची गोधडी टिकते, पण तिला पिल्ले होत नाहीत.

आणि आता जरा आपल्याकडे पाहू. ही कथा शिकवताना, अभ्यासताना आपण सगळे काय लिहितो? ‘गोधडी हे परंपरेचे प्रतीक आहे.’ गुण मिळतात. पण गोधडीचे प्रतीक करून ती भिंतीवर टांगणारी बाई कथेत आधीच आहे, आणि आईने तिला परत पाठवले आहे! म्हणजे समीक्षकाची जात डीची. उत्तर सापडले त्या क्षणी आपण गोधडी मॅगीच्या अंगावरून ओढतो.

म्हणून ही कथा वाचावी, तिच्यातल्या उपमा जरूर मोजाव्यात, आणि मग पुन्हा एकदा नुसतीच वाचावी. गोधडीचा पहिला गुण प्रतीक असणे हा नव्हे. पहिला गुण, थंडी वाजत नाही.