स्मिथची शिडी आणि मसूरचं स्टेशन

पुस्तकी अर्थशास्त्राला इतिहास म्हणजे शिडी वाटते. अ‍ॅडम स्मिथ ग्लासगोत शिकवायचा: आधी शिकार, मग गुरं राखणं, मग शेती, शेवटी व्यापार. व्यापाराच्या जमान्यात माणसं एकमेकांशी दामाच्या हिशेबानं वागतात, असा सगळा भरवसा.

ही शिडी मसूरला लावून बघू. साल 1901. सातारा जिल्ह्यात रेल्वे आलेली. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळातल्या लोकांना काम म्हणून सरकार तलाव खोदतंय, तिथं रामजी सकपाळ कॅशियर. बापाला भेटायला निघालेली पोरं मसूरला उतरली. अंगावर चांगले कपडे, जवळ भाड्याचे पैसे. स्टेशनमास्तरनं विचारलं, कोण तुम्ही? पोरगं म्हणालं, महार. झालं! एक गाडीवान तयार होईना. शेवटी एक झाला: भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त स्वतः लिहिलंय.

आपण तो प्रसंग वाचून नुसते हळहळतो. तो अर्थशास्त्राचा धडा म्हणून वाचा. गिऱ्हाईक आहे, गाडी आहे, पैसा आहे, सौदाही होतो. पण विटाळाचं बिल महाराच्याच नावावर फाटतं. गाडीवानाला जात पाळून तोटा नाही, उलट कमाई. मग बाजार जात मोडेल कशाला?

रिकार्डोला शिडी घसरती दिसली. लोक वाढले की हलकी जमीन कसावी लागते, चांगल्या जमिनीचा खंड चढतो, नफा आटतो, सगळं ठप्प. मला तो स्मिथपेक्षा रोखठोक वाटतो. फायदा कुणाच्या घशात जातो ते तरी सांगतो. पण त्याच्या वहीत रकाने तीनच: जमीनदार, भांडवलवाला, मजूर. बलुत्यावर राबणारा, वतनाच्या कामात जखडलेला महार कुठं लिहायचा? बाबासाहेबांनी 1918 च्या लहान शेतीवरच्या निबंधात मांडलं, की दुखणं नुसतं तुकड्यांचं नाही. शेतीवर रिकामे हात फार साचलेत, इलाज कारखानदारीत आहे.

त्याच खटावातून येरळा सांगली जिल्ह्यात उतरते. तिथं खानापूर तालुक्यात 1980 च्या दशकात लोकांनी बळीराजा धरण उभं केलं आणि पाण्यात भूमिहीनांचाही हिस्सा धरला. रिकार्डोच्या हिशेबानं पाणी आलं की खंड वाढतो, म्हणजे जमीनवाला वाढतो. इथं पाणी जमिनीपासून सोडवून माणसाच्या नावावर करायचं ठरलं. पुढच्या शिबिरात 'प्रगती' या विषयावर व्याख्यान ठेवण्याआधी दोघातिघांनी येरळाकाठी जावं आणि भूमिहीनाच्या नावचं पाणी आज कुणाच्या रानात जातं, ते विचारून यावं.