‘संमती घेतली होती’ एवढं पुरेसं आहे का?

मानसिक आरोग्याच्या डेटावर पीएचडी करायची असेल, तर प्रपोजल लिहिण्याआधी क्रायसिस टेक्स्ट लाइनचं प्रकरण नीट समजून घ्या. ही अमेरिकेतली ना-नफा संस्था २०१३पासून संकटातल्या लोकांशी मेसेजवरून बोलते. जानेवारी २०२२मध्ये ‘पॉलिटिको’ने बातमी दिली, की या संभाषणांचा निनावी केलेला डेटा लोरिस या कंपनीला दिला जातो. लोरिस संस्थेनेच सुरू केलेली, पण नफ्यासाठी चालणारी. तिचं काम कस्टमर सर्व्हिसचं सॉफ्टवेअर. टीका झाली आणि काही दिवसांतच डेटा देणं थांबलं.

संस्थेचा बचाव दोन मुद्द्यांवर होता: लोकांनी अटी मान्य केल्या होत्या आणि ओळख काढून टाकली होती. मला दोन्ही मुद्दे कच्चे वाटतात.

आधी संमती. जीव द्यावासा वाटतोय म्हणून मेसेज करणारा माणूस लिंक उघडून अटी वाचत बसेल का? मदत हवी तर अटी मान्य करा, असा मामला असेल तर त्याला निवड तरी कुठे उरते? शिवाय त्याने बोलायला होकार दिला होता, सॉफ्टवेअर घडवायला नाही.

आता निनावीपणा. नाव-नंबर काढणं सोपं आहे, पण मोकळ्या मजकुरात ओळख वाक्यांतच असते. ‘मी गावातली एकटी नर्स, दिवाळीत भाऊ गेला’ हे वाचून त्या गावातलं कुणीही तिला ओळखेल.

म्हणजे असा डेटा वापरूच नये का? तसं नाही. याच संस्थेने मेसेजमधले शब्द तपासून जास्त धोक्यातल्या माणसाला रांगेत पुढे आणलं. तो वापर मेसेज करणाऱ्यांच्याच कामी आला. लोरिसच्या बाबतीत हे नातं तुटलं. आणि हे झालं तेव्हा संचालक मंडळावर डेना बॉइड यांच्यासारख्या प्रायव्हसीच्या अभ्यासक होत्या. म्हणून जाणकार माणसं आहेत एवढ्यावर विसंबून चालत नाही.

आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या डेटासाठी वेगळा ‘संवेदनशील’ वर्ग नाही आणि संशोधनाला अटींसह सूट आहे. त्यामुळे ‘कायद्यात बसतं’ हे उत्तर अपुरं पडतं. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये स्वतःहून लिहा: डेटा आणखी कोणाकडे जाणार, नंतर संमती मागे घेता येईल का, मूळ मजकूर कधी नष्ट करणार. यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर डेटा गोळा करायला अजून सुरुवात करू नका.